शेतातील चिपाड आणि वहीचे पान

दिवाळीच्या वहीपूजनात आपण कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटतो, ‘श्री’ची मांडणी करतो आणि वर्षभराचा व्यवहार त्या पानाच्या हवाली करतो. आता बहुतेक पेढ्यांचा हिशेब यंत्रावर गेला असला, तरी पूजेला वही लागतेच. परंतु ते पान कशाचे झाले आहे, किती वर्षे टिकणार आहे आणि ते तयार होताना मागे काय शिल्लक राहिले, हे प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असतील.

माझ्याही मनात ते आले नसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या पेढीच्या माळ्यावरील जुनी दप्तरे उतरविण्याचा प्रसंग आला. पणजोबांच्या काळातील चोपड्या लाल फडक्यात बांधलेल्या होत्या. घोटीव हातकागदाची ती पाने उलगडली, तो शाईसुद्धा तशीच काळीभोर. त्यांच्यानंतरची, १९७८-७९ सालची खतावणी मात्र हाती घेताच कडेने पापडासारखी मोडू लागली. नेमक्या त्याच खतावणीत भावकीतील एका जुन्या रकमेच्या फेडीची नोंद होती. रक्कम फिटली की नाही या एका गोष्टीवरून दोन घरांत कित्येक वर्षे अबोला होता. पान सापडले, परंतु त्याचा खालचा कोपरा, जेथे आकडा आणि सही असावयाची, तो चुरा होऊन दप्तराच्या तळाशी पडला होता.

ती वही भाताच्या पेंढ्यापासून केलेल्या कागदाची होती. हे मला ठाऊक असण्याचे कारण असे की, ज्या लहानशा गिरणीने तो कागद केला, तिच्यात माझ्या मामांची भागीदारी होती. त्या गिरणीची हकीकत पुढे येईल. आज संघाचे अनेक तरुण सभासद उसाच्या बगॅसच्या पत्रावळी, द्रोण, पुठ्ठे आणि कागद यांच्या धंद्यात उतरण्याचा विचार करीत आहेत, म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर अभ्यास आपणांसमोर मांडावा असे वाटले.

कागद म्हणजे काय?

कागद ही मुळात तंतूंची गादी आहे. वनस्पतीच्या अंगातील सूक्ष्म तंतू सुटे करून पाण्यात विरळ पसरावयाचे, ते पाणी बारीक जाळीतून निथळू द्यावयाचे आणि जाळीवर उरलेला एकमेकांत गुंतलेला थर दाबून वाळवावयाचा. इ.स. १०५ मध्ये चीनच्या दरबारातील त्साय लुन याने तुतीची साल, ताग, चिंध्या व मासेमारीची जुनी जाळी यांचा कागद करण्याची रीत बादशहापुढे ठेवली असे तेथील इतिहास सांगतो. त्या दिवसापासून आजच्या अजस्र यंत्रांपर्यंत तत्त्वात फरक पडलेला नाही.

आपल्याकडे ताडपत्राची जागा कागदाने हळूहळू घेतली. पश्चिम भारतातील जैन ग्रंथभांडारांत चौदाव्या शतकापासून कागदावरील पोथ्या वाढत गेलेल्या दिसतात. दक्षिणेत मूडबिद्रीसारख्या ठिकाणी ताडपत्राची परंपरा दीर्घकाळ टिकून राहिली. महाराष्ट्रात दौलताबादेजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी ठाणी होत. तेथील कागदी लोक तागाचे जुने दोर, गोणपाट व चिंध्या चुन्यात मुरवीत, कुटून लगदा करीत, पिठाची खळ देत आणि दगडाने घोटून पान गुळगुळीत करीत. पणजोबांच्या चोपड्यांचे रहस्य या घोटीव कागदात आहे. लांब व मजबूत तंतू, आणि प्रक्रियेत चुना असल्यामुळे आम्लाचा अभाव, या दोन गोष्टी त्याला तारून नेतात.

वनस्पतीच्या देहात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. पहिले सेल्युलोज, हाच खरा तंतू, कागदाचे सर्वस्व. दुसरे हेमिसेल्युलोज, हे तंतूंना एकमेकांशी चिकटण्यास मदत करते. तिसरे लिग्निन, हे तंतू-तंतूंमधील चुनखडीसारखे आहे. भिंतीतल्या विटा सुट्या करावयाच्या तर मधला चुना काढावा लागतो, तद्वत तंतू सुटे करावयाचे तर लिग्निन विरघळवून काढावे लागते. लगदा करणे म्हणजे दुसरे काही नव्हे. लाकडात लिग्निनचे प्रमाण साधारणतः शेकडा २० ते ३० असते, गवतवर्गीय काडांत त्याहून कमी. म्हणूनच पेंढा व चिपाड लाकडापेक्षा लवकर आणि कमी क्षारात शिजतात. शेतीच्या मालाचा हा पहिला गुण आहे.

कोणता माल, कसला लगदा

शेतातील सर्व काड एकाच जातीचे नाही. कापसाच्या बोंडातील तंतू दोन ते तीन सेंटिमीटर लांब असतो. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडाचा सुमारे तीन मिलिमीटर. बांबूचा त्याच्या किंचित खाली. गव्हाच्या काडाचा तंतू दीड मिलिमीटरच्या आसपास, बगॅसचा एक ते पावणेदोन, आणि भाताच्या पेंढ्याचा त्याहूनही आखूड. तंतू आखूड असला की कागद सुबक व छपाईस चांगला होतो, परंतु ओढ सोसत नाही. यासाठी अशा लगद्यात थोडा लांब तंतूचा लगदा मिसळण्याची चाल आहे.

आखूडपणापेक्षा मोठी अडचण वाळूची आहे. भाताचे रोप जमिनीतील सिलिका शोषून अंगात साठविते. पेंढा जाळला तर शेकडा १२ ते १८ भाग राख उरते आणि तिचा बहुतांश सिलिका असतो. गव्हाच्या काडात राख याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि बगॅसमध्ये आणखी कमी. ही वाळू कागदात फारशी उतरत नाही. ती सोड्याच्या पाण्यात विरघळते आणि पुढे कशी छळते ते पाहूच.

उसाच्या चिपाडाला तिसरा दोष आहे, तो गराचा. उसाच्या कांडीच्या आत जो मऊ, स्पंजासारखा भाग असतो त्यात तंतू नसतात. सुक्या बगॅसचा सुमारे तिसरा हिस्सा या गराचा असतो. तो तसाच शिजविला तर सोडा पिऊन टाकतो, पाणी निथळू देत नाही आणि कागदावर चट्टे उमटवितो. म्हणून बगॅसचा लगदा करणाऱ्याने प्रथम गर झाडून वेगळा केलाच पाहिजे. हा गर वाया जात नाही, बॉयलरमध्ये जळतो.

कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुऱ्हाट्या, ताग काढल्यानंतरच्या काटक्या यांचा लगदा होऊ शकतो, पण ही काडे लाकडाच्या वळणाची असल्याने अधिक शिजवावी लागतात. केळीच्या खांबाचा तंतू मात्र लांब व चिवट आहे. खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्यामुळे तो दूर वाहून नेणे म्हणजे पाणी वाहून नेणे होय. मात्र जागच्या जागी तंतू काढून हातकागदात मिसळल्यास त्याचे चीज होते.

लगदा कसा तयार होतो

कारखान्यातील क्रम थोडक्यात असा. माल प्रथम तोडून, झाडून, धुऊन घेतात, म्हणजे माती, दाणे, पाती व गर निघून जातात. नंतर डायजेस्टर नावाच्या बंद भांड्यात कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वाफेच्या दाबाखाली तो शिजवितात. सुक्या मालाच्या शेकडा १० ते १५ इतका सोडा आणि १५० ते १७० अंश सेल्सिअस उष्णता, हे सर्वसाधारण मान आहे. शिजलेला माल धुतात. धुतल्यावर निघते ते काळे पाणी. उरलेला तपकिरी लगदा चाळतात, शंकूंतून गरगर फिरवीत नेऊन त्यातील कण काढतात, पांढरा हवा असल्यास त्याचे विरंजन करतात, बीटरमध्ये तंतू कुटून फुलवितात आणि मग जाळीच्या लांब पट्ट्यावर सोडतात. पेंढ्याचा लगदा पाणी लवकर सोडीत नाही, त्यामुळे यंत्र सावकाश चालवावे लागते आणि तितके उत्पादन घटते.

चुन्यात शिजविण्याची जुनी रीतही आहे. तिने लिग्निन थोडेच निघते. लगदा पिवळा व खरखरीत राहतो, पण जास्त उतरतो. वह्यांच्या बांधणीत वापरला जाणारा पिवळा स्ट्रॉबोर्ड पुठ्ठा अशाच लगद्याचा.

उताऱ्याचा हिशेब व्यापाऱ्याने स्वतः मांडून पाहावा. कारखान्यातून निघालेल्या एक टन ओल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते, म्हणजे सुका माल ५०० किलो. गरापोटी तिसरा हिस्सा वजा जाता ३३० ते ३५० किलो उरतात. ते शिजविले की सुमारे निम्मे हाती लागतात, म्हणजे १६५ ते १७५ किलो लगदा. एक टन लगद्याला पावणेसहा ते सहा टन ओले बगॅस लागते ते असे. पेंढा सुका असल्याने तीन टनांच्या आतबाहेर भागते, परंतु तीन टन पेंढ्याचे आकारमान डोळ्यांपुढे आणले म्हणजे मालमोटारीच्या भाड्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जुने प्रयोग, नवे प्रयोग

पेंढ्याचा कागद करून धनवान होण्याची आशा जुनी आहे. मॅथियस कूप्स याने १८०० साली लंडनमध्ये पेंढ्याच्या कागदावर एक पुस्तक छापले, ते इंग्लंडच्या राजाला अर्पण केले आणि पुढे वेस्टमिन्स्टर भागात मोठी गिरणी उभारली. कल्पना खोटी नव्हती. त्या पुस्तकाच्या प्रती आजही जपलेल्या आहेत. पण भांडवल भारी, कर्ज मोठे आणि विक्री संथ. थोड्याच वर्षांत गिरणी लिलावात निघाली. तंतू टिकला, पेढी बुडाली. १८४०-५० च्या दशकांत लाकूड दळून व सोड्यात शिजवून लगदा करण्याच्या युक्त्या निघाल्या आणि युरोप-अमेरिकेचा कागद जंगलाकडे वळला.

हिंदुस्थानात सूचिपर्णी अरण्ये हिमालयात दूर. येथे बांबू पुढे आला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट याने बांबूच्या पचनाचा अभ्यास केला आणि १९२५ च्या कायद्याने बांबूच्या कागदाला जकातीचे संरक्षण मिळाले. आपल्या शेजारच्या दांडेलीची गिरणी १९५५ साली स्थापन झाली ती बांबूच्याच भरवशावर. मध्य प्रदेशात नेपानगरला १९५६ पासून वृत्तपत्री कागद निघू लागला तो सालई व बांबूपासून. पण बांबू आणि जंगल दोन्ही अक्षय नव्हते, आणि दृष्टी पुन्हा शेताकडे वळली.

बगॅसचा सर्वांत यशस्वी भारतीय प्रयोग तमिळनाडूत झाला. तेथील सरकारने १९७९ साली तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स ही कंपनी काढली. करूर जिल्ह्यातील कागितपुरम येथे १९८४ साली उत्पादन सुरू झाले. तिने सोडविलेला पहिला प्रश्न रसायनाचा नव्हता, व्यापाराचा होता. साखर कारखाना बगॅस बॉयलरमध्ये जाळतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने तो कचरा नसून इंधन आहे. ते इंधन काढून घ्यावयाचे तर त्याच्या चुलीचे काय? कंपनीने साखर कारखान्यांना बगॅसच्या बदल्यात दुसरे इंधन व वाफ पुरविण्याचा करार केला. मालाच्या मोबदल्यात माल! आपल्या आजोबांना हा सौदा सहज समजला असता. दुसरे म्हणजे हंगामातील माल वर्षभर पुरविण्यासाठी बगॅस पाण्याने भिजवून, दाबून, मोठ्या ढिगात साठविले. तिसरे म्हणजे सोडा परत मिळविण्याची यंत्रणा उभारली आणि शुद्ध केलेले सांडपाणी भोवतीच्या शेतांना दिले. पुढे या गिरणीने लाकूड व रद्दी यांचा लगदाही जोडीस घेतला, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाच मालावर सर्व भिस्त कोणी ठेवीत नाही.

काळ्या पाण्याचे खाते

आता मामांच्या गिरणीकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात देशात कागदाची टंचाई होती. लहान गिरण्यांना सरकारने उत्तेजन दिले, अबकारीत सवलती दिल्या, परदेशांतील जुनी यंत्रे आणू दिली. भाताच्या पट्ट्यात ठिकठिकाणी पेंढ्यावर चालणाऱ्या गिरण्या निघाल्या. मामांची गिरणी त्यांतली एक. पहिली तीन-चार वर्षे तिने बरा नफा दिला. शेतकरी गाड्या भरून पेंढा आणीत आणि रोख पैसे घेऊन जात. सर्वांना सर्व गोड वाटत होते.

द्विनोंदी पद्धतीचा पहिला धडा असा की, जे एका खात्यावर जमा झाले ते दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर नावे पडलेच पाहिजे. एक टन लगदा करावयास सुमारे २,२०० किलो स्वच्छ सुका पेंढा डायजेस्टरमध्ये गेला. बाहेर आला १,००० किलो. मग १,२०० किलो गेले कोठे? शिवाय त्यात अडीचशे किलोच्या आसपास सोडा टाकला होता, तो कोठे गेला? हे सारे त्या काळ्या पाण्यात विरघळून गेले. विकलेल्या प्रत्येक टन लगद्यामागे जवळजवळ दीड टन द्रव्य गिरणीच्या मागील दाराने बाहेर पडत होते, आणि आमच्या कोणत्याही वहीत त्याचे खाते नव्हते.

ते खाते ओढ्यावर लिहिले जात होते. काळे पाणी ओढ्यात गेले की त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, मासे मरतात, आणि लिग्निनचा रंग तर महिनोन्‌महिने जात नाही. सोड्याने जमीन चोपण होते. पाचव्या-सहाव्या वर्षी ओढ्याकाठच्या विहिरींचे पाणी चहासारखे झाले. ज्यांच्या विहिरी बिघडल्या तेच शेतकरी पेंढा घालणारे होते. ते गिरणीच्या फाटकाशी तांब्यात पाणी घेऊन आले आणि मामांना म्हणाले, “शेटजी, घोटभर पिऊन दाखवा.” मामांनी तो तांब्या हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत असत. पुढे गिरणी बंद पडली, भांडवल बुडाले. परंतु त्यांना बोचत राहिली ती तांब्याची आठवण.

मोठ्या गिरणीत काळे पाणी आटवून दाट करतात आणि खास भट्टीत जाळतात. त्यातील सेंद्रिय भाग जळून वाफ मिळते, उरलेला सोडा चुन्याशी प्रक्रिया करून पुन्हा कॉस्टिक रूपात वापरता येतो. ओझे होते तेच उत्पन्न बनते. परंतु ही यंत्रणा इतकी महाग आहे की दिवसाला दहा-वीस टन लगदा करणाऱ्यास ती परवडत नाही. आणि येथेच भाताची वाळू आडवी येते. विरघळलेली सिलिका आटवण्याच्या नळ्यांत दगडासारखी बसते, पाणी घट्ट व चिकट करते आणि चुन्याचा गाळ नीट बसू देत नाही. म्हणून भाताच्या पेंढ्याच्या काळ्या पाण्यातून सोडा परत मिळविणे विशेष कठीण, गव्हाच्या काडाचे त्याहून सोपे, बगॅसचे आणखी सोपे.

हा केवळ आमच्याच ओढ्याचा अनुभव नव्हे. चीनमध्ये गव्हाच्या काडावर चालणाऱ्या हजारो लहान गिरण्या होत्या. ह्वाय नदी त्यांच्या व इतर कारखान्यांच्या सांडपाण्याने इतकी नासली की १९९६ साली सरकारने तिच्या खोऱ्यातील लहान लगदा-गिरण्या सरसकट बंद केल्या. आपल्या देशातही २००३ साली प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांशी ठरविलेल्या सनदेत, पेंढ्यावर चालणाऱ्या लहान गिरण्यांनी सोडा परत मिळवावा अथवा काळे पाणी होईल असा लगदा करणे सोडावे, हाच रोख होता. अनेकांनी लगदा करणे सोडून रद्दीचा आधार घेतला. आज देशातील कागदाचा सर्वांत मोठा वाटा रद्दीपासून होतो तो यामुळेही.

आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. वन तोडून उपजीविका करणे हे वनकर्म, रान वा शेत पेटविणे हे दवदान, तळी-सरोवरे शोषून आटविणारे तेही त्याच यादीत. पेंढ्याचा कागद पहिल्या दोन दोषांतून सोडवितो, कारण झाड वाचते आणि पाचट पेटवावे लागत नाही. परंतु काळे पाणी ओढ्यात सोडणाऱ्याने तिसऱ्या दोषाचे उत्तर दिले आहे असे कसे म्हणावे?

वही का मोडली?

आता खतावणीचा तुकडा पडण्याचे कारण. दोष पेंढ्याचा होता असे मी पुष्कळ दिवस समजत होतो, ते सर्वस्वी खरे नाही. अर्धवट शिजविलेल्या लगद्यात लिग्निन उरते आणि उजेडात कागद पिवळा पडतो, हे खरे. परंतु कागद मोडका होतो तो मुख्यतः आम्लामुळे. शाई फुटू नये म्हणून त्या काळी बहुतेक गिरण्या राळ व तुरटी वापरीत. तुरटी आम्लधर्मी आहे. ती वर्षानुवर्षे सेल्युलोजची साखळी तोडीत राहते. तंतू मुळातच आखूड, त्यावर हा घाव. आज आम्लरहित खळ व चुनखडीची पूड वापरून बगॅसचा असा कागद करता येतो की जो दीर्घकाळ टिकावा. खरेदी करणाऱ्याने ‘आम्लरहित’ हा शब्द विचारून घ्यावा. ज्या पानावर देणेघेणे, वाटणी किंवा मृत्युपत्र लिहावयाचे, तेथे दोन पैशांची बचत पाहू नये.

घरी करून पाहण्याजोगा पाठ

मुलांना सुटीत हा प्रयोग अवश्य करू द्यावा. शिजविण्याचे काम मात्र वडील मंडळींनी जवळ राहून करावे. पाव किलो सुका पेंढा घेऊन त्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत व रात्रभर भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून, स्टीलच्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी व पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तीन तास मंद उकळावे. पाणी आटल्यास भर घालावी. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, सोडा ते खातो. कॉस्टिक सोडा तर घरात आणूच नये. काडी चिमटीत ओढताच तंतू सुटू लागले की उतरवावे, फडक्यावर घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे आणि उखळात कुटावे. जुन्या सुती कापडाच्या बारीक चिंध्या भिजवून, कुटून त्यात थोड्या मिसळल्यास पान बळकट होते. हा लगदा घमेल्यातील पाण्यात ढवळून, चौकटीला ताणलेल्या बारीक जाळीवर अलगद उचलावा, फडक्यावर पालथा घालून दाबावा आणि काचेवर वाळवावा.

पान निघाल्यावर मुले आनंदाने नाचतील. त्या वेळी उकळलेले पहिले पाणी एका काचेच्या पेल्यात भरून त्यांच्यापुढे ठेवावे आणि विचारावे, “हे आता कोठे ओतू या?” कागदाच्या धंद्यातील सर्वांत कठीण प्रश्न त्या पेल्यात आहे, आणि तो दहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

सभासदांनी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच पुढे जावे.

पहिला : माल खरोखर टाकाऊ आहे काय? ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे, पऱ्हाटी गरिबाच्या चुलीचे सरपण आहे, गुऱ्हाळातील चिपाड चुलवणात जळते आणि साखर कारखान्यातील बगॅसपासून वीज होते. ज्याला आज भाव नाही, त्याला तुम्ही मागणी करताच भाव येईल. उसाचे शेतात पेटविले जाणारे पाचट तेवढे बरेचसे खरे टाकाऊ; पण तेही जमिनीत कुजविणे पुष्कळदा अधिक हिताचे ठरते.

दुसरा : वजनात पाणी किती? ओलावा न मोजता बगॅस वजनावर घेणारा कागदवाला नसून पाण्याचा व्यापारी होय.

तिसरा : हंगाम संपल्यावर काय? उसाचा गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा. सुका साठा आगीच्या भक्ष्यस्थानी पडतो, अर्धओला आंबतो. बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने कामगारांना बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार जडतो. साठवणीचा खर्च आणि कामगाराच्या श्वासाची काळजी ही दोन्ही खाती आरंभीच उघडावीत.

चौथा : लगदा स्वतः करावयाचा की विकत घ्यावयाचा? माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्यापाशी सोडा परत मिळविण्याएवढे भांडवल नाही, त्याने लगदा शिजवूच नये. बगॅसच्या तयार लगद्याचे ताव बाजारात मिळतात. ते पाण्यात फोडून, साच्यात दाबून ताटे, वाट्या, फळांचे खोके करता येतात. त्यात काळे पाणी निघत नाही, यंत्र आटोपशीर असते आणि पाणी फिरवून वापरता येते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर देशात बंदी आल्यानंतर या मालाला मागणीही आहे.

पाचवा : गिऱ्हाईक काय मागणार? तेल झिरपू नये म्हणून अशा भांड्यांत फ्लोरिनयुक्त रसायने घालण्याची चाल पडली होती. ती शरीरात व पाण्यात साचून राहतात. अशी द्रव्ये खाद्यवेष्टनासाठी अमेरिकेत विकली जाणे बंद झाल्याचे तेथील अन्न व औषध खात्याने २०२४ साली जाहीर केले. परदेशी माल पाठविणाऱ्याने या बाबतीत दाखला घेऊनच माल भरावा.

इतके सांगण्यात कोणाचा उत्साह मोडण्याचा हेतू नाही. शेतातील काडापासून उत्तम कागद होतो, हे कूप्सच्या पुस्तकाने सिद्ध केले आणि कागितपुरमच्या गिरणीने ते धंद्यातही उतरवून दाखविले. आमच्या मामांनी चुकविले ते एकच : त्यांनी जमेची बाजू पूर्ण लिहिली आणि नावेची अर्धीच. आपल्या पूर्वजांनी आपल्याला दोन्ही बाजू लिहिण्यास शिकविले आहे.

मोडलेल्या खतावणीचे ते पान मी आता काचेच्या चौकटीत बसविले आहे. आकडा वाचता येत नाही तो नाहीच. दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांना बोलावून ते पान दाखविले, रक्कम फिटली असे मानण्याचे ठरले आणि क्षमापनेच्या दिवशी एकत्र जेवण झाले. नव्या वहीसाठी मी आम्लरहित कागद मागविला आहे. तो बगॅसचाच आहे. घेण्यापूर्वी गिरणीच्या मागील बाजूस जाऊन तिचे पाणी कोठे जाते तेही पाहून आलो आहे.